लक्ष ठेवायला

"मामा, पोट जरा आत घ्या."

"आत घ्यायला शिल्लक कुठं आहे?" मी म्हणालो.

संग्राम हसला नाही. नदीकाठच्या गोट्यांवर एक गुडघा टेकून तो माझ्या कमरेला पट्टा आवळत होता. आवळला, दोन बोटं आत घालून पाहिली, समाधान झालं नाही म्हणून पुन्हा ओढला. मला खोकला आला.

"अहो, मी पाण्यात जाणार नाही, संग्रामराव. काठावर बसणार आहे."

"असू दे हो. दगडं लई निसरडी आहेत इथली."

जानेवारीतली सकाळ होती. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातली, डोंगरातून समुद्राकडे जाणारी एक नदी. तिचं नाव मला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही, म्हणून मी नुसतं नदी म्हणतो. काठावरचं दव गोठून पांढरं पडलं होतं, झाडांच्या फांद्यांवरून शेवाळ लोंबत होतं आणि पाणी जुन्या सोडावॉटरच्या बाटलीसारखं हिरवट होतं. मी अंगात घातलं होतं ते छातीपर्यंत येणारं, खाली मोज्यांसकट एकसंध असं रबरी सोंग. त्याला वेडर्स म्हणतात. ते घालून पाण्यात उभं राहिलं तरी आतला माणूस कोरडा राहतो. ते माझ्या मुलीचं होतं. मी अंगानं किरकोळ, आणि तेजू माझ्यावरच गेलेली, त्यामुळे मला ते मापानं शिवल्यासारखं बसलं. पायातले बूट तेवढे संग्रामचे जुने होते.

तेजू त्याच्या आधीच्या पावसाळ्यात गेली होती. रक्ताचा कॅन्सर. कळलं तेव्हाच उशीर झाला होता, आणि आमचा व्हिसा येईपर्यंत सगळं आटोपलं. गडहिंग्लजच्या घरात, सोफ्यावर शेजारी शेजारी बसून, आम्ही नवरा-बायकोनं मोबाइलच्या पडद्यावर पोटच्या पोरीला निरोप दिला. त्यातही मध्येच रेंज गेली. याच्यावर मी जास्त लिहीत नाही.

मग डिसेंबरात एके सकाळी कुमुद, म्हणजे माझी बायको, चहाचा कप पुढे ठेवत म्हणाली, "संग्रामरावांचा आवाज मला काही बरा वाटेना झालाय. तुम्ही जाऊन या."

"मी जाऊन काय करू?"

"काही करू नका. नुसतं लक्ष ठेवा. माणूस एकटा आहे, परमुलखात. उद्या काही बरंवाईट करून घेतलं तर काय करायचं?"

"मग तू पण चल."

"मला तिथली थंडी सोसायची नाही. आणि घराला कुलूप नको. तुम्ही जावा."

कुमुदनं जावा म्हटलं की जायचं असतं, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. शिवाय काम माझ्या पठडीतलं होतं. माझी सगळी नोकरी तालुका कोर्टात गेली. साक्षीदारांना शपथ देण्यापासून सुरुवात केली आणि शिरस्तेदार होऊन निवृत्त झालो. पिंजऱ्यात उभा राहिलेला माणूस काय लपवतोय, हे वकिलांच्या आधी मला कळतं, असा माझा लौकिक होता. निदान माझ्या घरात तरी होता.

संग्रामच्या घरी पोचलो आणि दोन दिवसांत मी समजलो की कुमुदचा अंदाज खरा आहे. तोंडावर मी त्याला संग्रामराव आणि तुम्ही म्हणायचो, जावई तो जावई. पण मनात तो पोरच होता, आणि पोराची लक्षणं ठीक नव्हती. रात्री तो झोपायचा नाही. मी लघवीला उठलो की त्याच्या खोलीचं दार सताड उघडं, आणि आतून आवाज यायचा, "काय पाहिजे का मामा?" स्वयंपाकघरात एक धड सुरी दिसत नव्हती. कांदा चिरायला मागितली तर म्हणाला, "तुम्ही बसा, मी चिरून देतो," आणि गॅरेजमधून सुरी घेऊन आला. न्हाणीघरातलं औषधांचं कपाट रिकामं होतं. माझ्या ब्लडप्रेशरच्या आणि झोपेच्या गोळ्यासुद्धा त्यानं पहिल्याच दिवशी मागून घेतल्या होत्या. "माझ्याकडं राहू देत, रोज आठवणीनं देतो." तेव्हा मला वाटलं, काय गुणाचा माणूस आहे. मग एकदा बेसन शोधताना पिठाच्या डब्यामागे मला त्या सगळ्या गोळ्या सापडल्या. तेजूच्या शेवटच्या दिवसांतल्या भारी गोळ्याही त्यातच होत्या.

मी कुमुदला फोन लावला. दबक्या आवाजात सांगितलं, "तो गोळ्या साठवतोय."

ती म्हणाली, "तुम्ही हात लावू नका त्या गोळ्यांना. संग्रामरावांबरोबर राहा फक्त. ते जातील तिथं जावा."

तो शनिवारी मासे धरायला जायचा. म्हणून शनिवारी मीही निघालो. मी येतो म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. मला वाटलं, बिचाऱ्याला सोबत हवी होती.

वाटेत गाडीत त्यानं मला त्या माशाबद्दल सांगितलं. स्टीलहेड. जात ट्राउटचीच, पण हा गडी नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन दोन-तीन वर्षं काढतो आणि ऐन हिवाळ्यात परत आपल्या नदीत येतो. त्याच्यासाठी गळाला पिसं आणि दोरे बांधून खोटी माशी करायची, ती पाण्यात तिरकी फेकायची, प्रवाहाबरोबर वळत खाली येऊ द्यायची, मग एक पाऊल खाली सरकायचं आणि पुन्हा फेकायची. दिवसभर. आठवडेच्या आठवडे काही लागत नाही. आणि लागलाच, तर पाण्यातल्या पाण्यात गळ काढून सोडून द्यायचा. तेजू आणि तो, दोघंही या नादाला लागलेले होते. मी फोनवर तिला चिडवायचो, "अगं, सोडूनच द्यायचा तर नुसता नदीला नमस्कार करून घरी या की. कोल्हापूरकडची माणसं तुम्ही, रस्सा कशाचा करणार?" ती इतक्या जोरानं हसायची की फोन कानापासून लांब धरावा लागे.

तर पट्टा बांधून झाला. संग्रामनं मला एका सपाट दगडावर बसवलं, हातात चहाचा थर्मास दिला. "इथून हलायचं नाही मामा. मी दिसत राहीन तुम्हाला."

तो पाण्यात उतरला. आधी गुडघाभर, मग मांडीभर. हातातली लांब काठी मागे-पुढे झाली आणि दोरी सरळ पलीकडच्या काठाकडे गेली. एक फेक, एक पाऊल. मी चहा पीत बघत बसलो. मला थंडी वाजत होती आणि तेजूची आठवण येत होती. या दगडावर तीही बसली असेल, असं सारखं वाटत होतं.

थोड्या वेळानं एक म्हातारा गोरा माणूस काठी खांद्यावर टाकून आला, माझ्याकडे पाहून थबकला. माझ्या अंगातल्या वेडर्सच्या खिशावर तेजूनं लाल दोऱ्यानं एक मासा भरला होता. तो त्यानं ओळखला.

"तुम्ही तेजूचे वडील," तो म्हणाला. वॉल्टर त्याचं नाव. माझं इंग्रजी कोर्टातलं, त्याचं तोंडातल्या तोंडात, पण आमचं जमलं. तो शेजारी बसला. "ती हसली की खालच्या वळणापर्यंत ऐकू यायचं. मी तिला म्हणायचो, मासे पळतील."

"मग?"

"नाही पळायचे," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही पाण्याकडे बघत राहिलो.

मी त्याला विचारलं, तुम्ही का उतरत नाही. त्यानं मान हलवली. एक माणूस डोह वरून खाली धुंडाळत येत असला की दुसऱ्यानं त्याच्या खालच्या अंगाला पाण्यात उतरायचं नसतं. त्याचं पाणी त्याचं. उतरायचंच तर त्याच्या मागून, वरच्या बाजूनं. आपल्या भाषेत सांगायचं तर, दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही, असा त्यांचा रिवाज. मला तो आवडला.

मग वॉल्टरनं डोळे बारीक केले. "त्यानं पट्टा बांधलेला नाही."

"पट्टा?"

त्यानं माझ्या कमरेकडे बोट दाखवलं. "हा. हा नसला आणि माणूस खोल पाण्यात पडला, तर वरून सगळं पाणी आत शिरतं. पाय उचलत नाहीत. हिवाळ्यात या नदीत पट्ट्याशिवाय कोणी उतरत नाही. आणि तो तर फार पुढे जातोय."

मी पाहिलं. संग्राम कमरेच्या वर पाण्यात होता. पलीकडच्या काठाला पाणी काळं, खोल होतं, आणि तो तिकडेच सरकत होता. त्याच्या कमरेला खरोखरच काही नव्हतं.

उघडं दार, सुऱ्या, गोळ्या, सगळं एका ओळीत उभं राहिलं. मला दगडावर बसवून, हलू नका सांगून, हा माणूस पट्टा न बांधता खोल पाण्याकडे चालला होता. मी उठून हाक मारली. "संग्रामराव!" पाण्याचा आवाज इतका की मलाच ती ऐकू आली नाही. वॉल्टरनंही हाक मारली. संग्रामनं मागे पाहिलं नाही. तो आणखी एक पाऊल पुढे गेला आणि पाणी त्याच्या छातीला लागलं.

मी धावलो. त्या रबरी सोंगात माणूस धावतो म्हणजे काय, तर पोत्यांच्या शर्यतीत धावतो तसा. काठाकाठानं त्याला ओलांडून मी खालच्या अंगाला गेलो, म्हणजे वाहत आला तर माझ्या हाती लागेल, आणि तिथं पाण्यात घुसलो. मागून वॉल्टर ओरडत होता, "तिथं नको! तिथं नको!" रिवाजाबद्दल ओरडतोय असं मला वाटलं. तो खोलीबद्दल ओरडत होता.

"संग्राम!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. "बाहेर ये! आधी बाहेर ये!"

नेमक्या त्याच वेळी त्याची काठी वाकली. मासा लागला होता. पाण्यातून एक चंदेरी अंग उसळलं, चांगलं हातभर लांब, आणि धपकन खाली गेलं. तेजू गेल्यापासून त्याला लागलेला तो पहिला मासा. त्यानं काठी दोन्ही हातांनी वर धरली, माझा आवाज ऐकून मान वळवली आणि मला पाहिलं. माझ्या पायाखालचा दगड तेव्हाच सरकला होता.

त्यानं काठी सोडून दिली. हे मी स्वतः पाहिलं. मासा, दोरी, काठी, सगळं सोडून तो पाणी कापत माझ्याकडे आला.

मग मी पाण्याखाली गेलो. थंडी इतकी की ती थंडी वाटलीच नाही, कानशिलावर कुणी सणसणीत लगावल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे हिरवं आणि कानांत मोठा घूं असा आवाज. मग माझं मनगट कुणीतरी धरलं, निसटलं, पुन्हा धरलं. पुढचं मला आठवतं ते काठावर पालथा पडून ओकारी काढताना, आणि वॉल्टर पाठीवर थापा मारताना. कमरेच्या खाली मी जवळजवळ कोरडा होतो.

त्यांनी दोघांनी मला गाडीत नेलं, ओले कपडे काढले, घोंगडीत गुंडाळलं. संग्रामनं हीटर पूर्ण सोडला. वॉल्टर काठी कुठं अडकली का बघायला नदीच्या खालच्या अंगाला गेला. गाडीत आम्ही दोघंच उरलो. संग्रामचे ओठ निळे पडले होते आणि दात वाजत होते.

"मामा, पोहता येत नसताना तुम्ही पाण्यात कशाला आलात?"

"तुम्हाला बाहेर काढायला."

"मला?"

"पट्टा का नाही बांधला?" माझा आवाज चढला. कोर्टात मी कधी आवाज चढवला नव्हता. "मला सगळं ठाऊक आहे. गोळ्या पिठामागं लपवल्यात. सुऱ्या गॅरेजमध्ये. रात्र रात्र जागता. तुमच्या मामीला आधीच कळलं होतं, म्हणून तर तिनं मला इकडं धाडलं. तुमच्यावर लक्ष ठेवायला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग सीटवरच्या ओल्या ढिगाकडे त्यानं हात केला.

"पट्टा तुमच्या कमरेला होता, मामा. माझाच. तेजूचा कुठं सापडला नाही, म्हणून माझा तुम्हाला बांधला."

"मी तर काठावर बसणार होतो. मला कशाला?"

काचेवर वाफ धरली होती, ती त्यानं तळव्यानं पुसली. नदी दिसायला लागली तसा त्यानं हात आवरता घेतला.

"मामींनी सांगितलं होतं," तो शेवटी म्हणाला. "की मामांना पाण्याजवळ एकटं सोडू नका."

मला आधी त्याचा अर्थच लागला नाही.

"डिसेंबरात फोन आला त्यांचा. म्हणाल्या, हे रोज पहाटे नदीवर जातात, घाटाच्या पायरीवर बसतात, ऊन चढलं तरी येत नाहीत. जेवत नाहीत. दिवाळीत एकदा म्हशी धुवायला आलेल्या माणसानं हाक मारून बाहेर काढलं, अंगावरच्या कपड्यांनिशी छातीभर पाण्यात उभे होते. म्हणाल्या, तिकडं पाठवते, पण तुमच्यासाठी पाठवतेय असं सांगते, नाहीतर ते यायचे नाहीत. गोळ्या-बिळ्या उचलून ठेवा. रात्री दार उघडं ठेवा."

"मी नुसता उभा होतो," मी म्हणालो.

"हो."

"खरंच सांगतो. पाय धुवायला उतरलो होतो."

"मामा," तो हळूच म्हणाला, "मघाशी मी तुमचा हात धरला, तो तुम्ही सोडवून घेतलात."

सगळी नोकरी मी दुसऱ्यांची तोंडं बघण्यात घालवली होती. आता कुणी माझ्या तोंडाकडे बघत होतं, आणि मला नजर कुठं ठेवावी ते कळेना. आणि मग मला ते आठवलं. पाण्याखाली गेलो तेव्हा मी घाबरलो नव्हतो. मला बरं वाटलं होतं. पोर गेल्यापासून पहिल्यांदाच छातीवरचं ओझं कुणी उचलून घेतल्यासारखं वाटलं होतं, आणि कुणीतरी मनगट धरून मला त्यातून ओढत होतं, त्याचा मला राग आला होता.

"हो," मी म्हणालो. "सोडवून घेतला."

मी रडायला लागलो. तेजू गेल्यावर रडलो नव्हतो, तो सगळा आवाज तेव्हा बाहेर पडला. संग्रामनं मला थोपटलं वगैरे नाही. तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता आणि त्याचेही खांदे हलत होते.

"मला पण वाटायचं, मामा," तो मान न उचलता म्हणाला. "मामींना बोललो नाही, पण वाटायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मी नीट जेवतसुद्धा नव्हतो. मग त्यांचा फोन आला, की मामा येतायत, सांभाळा. त्या दिवशी जाऊन तांदूळ आणले, डाळ आणली. तुमची खोली झाडली. तुम्ही घोरता का बघायला रात्री जागायचो. बरं वाटायचं."

"मी घोरत नाही," मी म्हणालो, आणि तशातही दोघांना हसू आलं.

माझ्या अंगात हळूहळू ऊब येत होती आणि डोकं चालायला लागलं होतं. मला कुमुद दिसत होती. चहाचा कप पुढे ठेवणारी, जावा म्हणणारी. तिनं मला त्याच्यावर लक्ष ठेवायला पाठवलं होतं आणि त्याला माझ्यावर. दोन पुरुष तिनं एकमेकांच्या ओटीत घातले होते, आणि दोघांनीही तिचं काम चोख बजावलं होतं. मी रोज तिला फोन करायचो, संग्रामचा अहवाल द्यायचो. तोही तिला फोन करायचा, हे मला आता कळत होतं. तेजू तिचीही मुलगी होती. तिनंच तिला जन्म दिला होता.

"संग्रामराव, फोन द्या जरा."

त्यानं नंबर लावून माझ्या कानाशी धरला, कारण माझी बोटं अजून वळत नव्हती. इकडे दुपार झाली होती, तिकडे मध्यरात्र कधीच उलटून गेली होती. पहिल्याच रिंगला कुमुदनं उचलला.

"काय झालं? संग्रामराव बरे आहेत नव्हं?"

"बरे आहेत. शेजारीच बसलेत."

"आणि तुम्ही?"

"मी पण बरा आहे. काही झालेलं नाही." मी घोंगडी गळ्याशी ओढून घेतली. "तू जागी कशी?"

"मी कुठली जागी? झोपलेच होते की."

तिच्या मागे नळ वाहत होता आणि भांड्यांचा आवाज येत होता. मग तिनं नळ बंद केला आणि आवाजही थांबला. या वेळेला, एकटीच्या जेवणाची असून असून किती भांडी असणार, असं माझ्या मनात आलं.

"कुमुद," मी म्हणालो, "तुझ्याजवळ कोण असतं गं?"

संग्रामनं फोन माझ्या कानाशी आणखी घट्ट धरला.

"माझ्याजवळ?" ती म्हणाली. "माझ्याजवळ कोण असायचंय?"